आपल्या पायाखालचा खडक आणि आपले आरोग्य

(पालक व विद्यार्थी यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरोग्यावर बोलायचे म्हटले की सामान्यतः आहार, स्वच्छता, व्यायाम आणि लसीकरण यांविषयी बोलले जाते. ते आवश्यकच आहे. परंतु आज मी त्याच्याही आधीच्या एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. ती गोष्ट म्हणजे आपण जिच्यावर राहतो ती जमीन, तिच्या खालचा खडक आणि त्या खडकातून आपल्या घागरीत येणारे पाणी.

आपल्याकडे एक वाक्य वरचेवर ऐकू येते. एखाद्या वाडीतील मुलांचे दात पिवळे पडलेले असतात, एखाद्या गल्लीत दर पावसाळ्यात काविळीची साथ येते, एखाद्या गावातील तरुण पिढ्यान् पिढ्या परगावी जातात. कारण विचारले तर वडीलधारी माणसे म्हणतात, ‘आमच्याकडचे पाणीच तसे आहे,’ किंवा ‘आमची जमीनच तशी.’ हे म्हणणे अर्धे खरे आहे. पाणी आणि जमीन यांचा माणसाच्या प्रकृतीशी संबंध आहे, हे त्यात बरोबर ओळखलेले असते. पण ‘तसे’ म्हणजे कसे, हे विचारायचे राहून जाते आणि जे समजून घेता आले असते ते आपण नशिबाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. आजच्या भाषणात या ‘तसे’चा थोडा उलगडा करावा, असा माझा प्रयत्न आहे.

आपल्या वाईपासूनच सुरुवात करू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून तप्त लाव्हारस बाहेर आला. तो थरावर थर पसरत आणि थंड होत गेला. आज पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास प्रदेश या काळ्या खडकाने, म्हणजे बेसॉल्टने, व्यापलेला आहे. महाबळेश्वरच्या घाटातून खाली पाहिले की डोंगरांना जिन्यासारख्या पायऱ्या दिसतात. ते हेच थर होत. या थरांची वर्गवारी करताना भूशास्त्रज्ञांनी वरच्या थरांच्या एका मोठ्या समूहाला ‘वाई उपगट’ असे नाव दिले आहे आणि त्यातील थरांना पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी नावे आहेत. जगात कोठेही दख्खनच्या लाव्हाचा अभ्यास होतो तेथे विद्यार्थ्यांना आपल्या गावाचे नाव शिकावे लागते. आपल्या मुलांना मात्र ते ठाऊक नसते, याचे वाईट वाटते.

हा खडक दिसायला अभेद्य असला तरी सर्वत्र सारखा नाही. विहीर खोदणाऱ्यांना हे पुस्तकाविना कळते. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग कोठे भोकाभोकांचा मऊ मांजऱ्या, कोठे सुरुंगालाही दाद न देणारा काळा फत्तर आणि दोन थरांच्या मध्ये कधीकधी लाल मातीचा पट्टा. पाणी साठते ते मुरमात, मांजऱ्यात आणि फत्तराच्या भेगांत. म्हणून एकाच्या विहिरीला पाणी लागते आणि वीस पावलांवरच्या शेजाऱ्याची विहीर कोरडी जाते. पाणाड्याने नारळ हातावर धरला म्हणून भेग जागा बदलत नाही.

या रचनेचा आरोग्याशी असलेला पहिला संबंध फार महत्त्वाचा आहे. नदीकाठच्या वाळूतून पाणी सावकाश झिरपते, त्यामुळे ते बरेचसे गाळले जाते. खडकाच्या भेगेतून मात्र ते पन्हळीतून वाहावे तसे जाते. तेथे गाळणी नाही. संडासाचा शोषखड्डा, गुरांचा गोठा किंवा गटार विहिरीच्या जवळ आणि वरच्या अंगाला असेल तर पहिल्या जोरदार पावसात ती घाण त्याच भेगांतून विहिरीत उतरते. कॉलरा, विषमज्वर, हगवण, कावीळ या रोगांचा रस्ता हाच. पाणी स्वच्छ दिसते, थंड लागते, गोड लागते आणि तरीही आजार देते. शोषखड्डा विहिरीपासून किमान पंधरा मीटर लांब असावा, असे सांगितले जाते. आपल्या भेगाळ खडकात यापेक्षा जितके जास्त अंतर ठेवता येईल तितके ठेवावे आणि खड्डा विहिरीच्या उताराच्या बाजूला घ्यावा. घर बांधताना आपण दिशा पाहतो, दरवाजा पाहतो. जमिनीचा उतारही तेवढ्याच काळजीने पाहिला पाहिजे.

दुसरे उदाहरण नारूचे. येथे बसलेल्या मुलांनी हा रोग पाहिलेला नाही, ही आनंदाची गोष्ट आहे. पण आपल्या आजी-आजोबांना, नाना-नानींना विचारा. पायावर फोड यायचा, तो फुटायचा आणि त्यातून दोऱ्यासारखा हातभर, कधी त्याहूनही लांब किडा बाहेर पडायचा. तो काडीवर गुंडाळत दिवसेंदिवस बाहेर काढावा लागे. माणूस ऐन सुगीत अंथरुणाला खिळायचा.

या रोगाचे मूळ आपल्या जमिनीच्या आणि पावसाच्या स्वरूपाशी निगडित होते. जेथे पाऊस कमी आणि खडक कठीण, तेथे पाणी उन्हाळ्यात खोल जाते. ते काढण्यासाठी आपल्या पूर्वजांनी पायऱ्यांच्या विहिरी आणि बारवा बांधल्या. साताऱ्याजवळच्या लिंब येथील बारा मोटांची विहीर आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली ती विहीर म्हणजे स्थापत्याचा उत्तम नमुना आहे आणि असल्या बांधकामांचा आपण अभिमान बाळगावा, यात शंका नाही. पण पायऱ्यांची विहीर म्हणजे माणूस पाण्यात उतरणार, हे ओघानेच आले. नारूचा रोगी पाण्यात उतरला की फुटलेल्या फोडातून किड्याची असंख्य पिले पाण्यात पडत. सायक्लॉप्स नावाचा डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव ती गिळी, तो जीव पिण्याच्या पाण्यातून निरोग्याच्या पोटात जाई आणि सुमारे वर्षाने त्याच्या पायावर फोड येई. या साखळीत औषधाला जागा नव्हती, कारण नारूवर औषध किंवा लस मिळालीच नाही. तरीही १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस देशभर मोहीम हाती घेण्यात आली. पाणी दुपदरी फडक्याने गाळून घेणे, रोग्याला पाण्यात उतरू न देणे, पायऱ्या बंद करून विहिरीला कठडा आणि रहाट बसवणे, हातपंप देणे, एवढेच उपाय होते. १९९६ साली भारतातील शेवटचा रोगी राजस्थानात नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. खडक तोच राहिला आणि पाऊसही तेवढाच राहिला. माणसांची पाणी घेण्याची रीत बदलली, म्हणून रोग गेला.

येथपर्यंत गोष्ट सुखाची आहे. पण निसर्गाची गोष्ट एका प्रकरणात संपत नाही, आणि माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा याच ठिकाणी आहे.

१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र हवालदिल झाला. त्या सुमारास आणि त्यानंतर गावोगावी यंत्राने बोअर घेण्यात आले. बोअरचे पाणी बंदिस्त, त्यात कोणी उतरत नाही, कचरा पडत नाही. नारू आणि हगवण यांच्या दृष्टीने ते निश्चितच चांगले. पण खोल खडकात पाणी दीर्घकाळ मुक्कामाला असते आणि मुक्कामात ते खडकातले क्षार विरघळवून घेते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड, बीड या जिल्ह्यांच्या काही भागांत या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण जास्त निघाले. फ्लोराइड अल्प प्रमाणात दातांना उपकारक आहे. पाण्याच्या एका लिटरमध्ये ते एक मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि कोणत्याही परिस्थितीत दीड मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असे आपले भारतीय मानक सांगते. ते जास्त झाले की लहान मुलांच्या कायमच्या दातांवर पांढरे, पिवळे, तपकिरी डाग पडतात. तसेच पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर सांधे आखडतात, पाठीचा कणा ताठरतो आणि माणूस ऐन उमेदीत वाकतो. आपल्या देशात या रोगाची नोंद १९३७ सालीच आजच्या आंध्र प्रदेशात झालेली होती. तरीही आपण नवे बोअर घेताना पाणी लागले की नाही एवढेच पाहत राहिलो. त्या पाण्यात काय आहे, हे विचारले नाही.

याहून मोठी घटना आपल्या देशाच्या पूर्वेकडे घडली. पश्चिम बंगाल आणि बांगलादेश हा गंगेच्या गाळाचा प्रदेश. तेथे तळ्याच्या पाण्याने मुले हगवणीने दगावत, म्हणून लाखोंच्या संख्येने नळविहिरी खोदण्यात आल्या. हेतू अत्यंत चांगला होता. परंतु त्या गाळात नैसर्गिकरीत्या अर्सेनिक, म्हणजे सोमलाचे द्रव्य, होते आणि ते पाण्यात उतरले. १९८३ साली कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांनी रोग्यांच्या हाताच्या तळव्यांवरील चट्टे पाहून या विषबाधेचा माग काढला. तोपर्यंत असंख्य कुटुंबे ते पाणी शुद्ध समजून पीत होती.

मित्रहो, या दोन्ही उदाहरणांतून मला एवढेच सांगायचे आहे की जमिनीवरचा एक उपाय केला म्हणजे जमिनीशी आपले बोलणे संपले, असे होत नाही. पायविहिरीने पाणी दिले आणि नारू दिला. बोअरने नारू घालवला आणि काही ठिकाणी फ्लोराइड आणले. म्हणून विहिरी बुजवाव्यात किंवा बोअर घेऊ नयेत, असा याचा अर्थ मुळीच नाही. पाण्याची सोय बदलली की नव्याने तपासणी केली पाहिजे, एवढाच याचा अर्थ. वाई परिसरातील अमुक बोअरचे पाणी चांगले किंवा वाईट, हे मी येथे उभा राहून सांगू शकत नाही आणि इतर कोणीही चव घेऊन सांगू शकत नाही. ते प्रयोगशाळाच सांगू शकते.

येथे माताभगिनींना एक गोष्ट आवर्जून सांगतो. पाणी उकळले की सर्व दोष गेले, अशी आपली समजूत आहे. उकळल्याने रोगजंतू मरतात, आणि पावसाळ्यात पाणी उकळून पिणे योग्यच आहे. परंतु फ्लोराइड, नायट्रेट किंवा अर्सेनिक उकळल्याने जात नाहीत. पाणी आटून त्यांचे प्रमाण उलट वाढते. नायट्रेट हे शेतातील रासायनिक खतांतून आणि सांडपाण्यातून विहिरीत येते. लिटरला पंचेचाळीस मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा आहे. ते जास्त असलेल्या पाण्यात दुधाची पावडर कालवून तान्ह्या बाळाला पाजली तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते आणि त्याचे ओठ, नखे निळसर पडतात. तेव्हा कोणत्या दोषाला कोणता उपाय, हे समजून घेतले पाहिजे. जंतूंसाठी उकळणे किंवा क्लोरीन. फ्लोराइडसाठी दुसरा स्रोत शोधणे, किंवा नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने तुरटी आणि चुना वापरून विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीसारखी प्रक्रिया करणे. नायट्रेटसाठी खत आणि सांडपाणी विहिरीपासून दूर ठेवणे आणि बाळासाठी वेगळे पाणी वापरणे.

आता थोडे वर, डोंगराकडे जाऊ. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या वाईत सातशेच्या आसपास आणि आणखी पूर्वेला माण तालुक्यात पाचशे किंवा त्याहूनही कमी. डोंगराने ढग अडवले आणि आपण त्याच्या सावलीत राहिलो. एका जिल्ह्यात इतका फरक क्वचितच आढळतो. जास्त पावसाने वरचा खडक युगानुयुगे धुपून त्याचा जांभा झाला. पाचगणीचे टेबललँड म्हणजे जांभ्याचीच टोपी. अशा ठिकाणी मातीतील विरघळणारी पोषक द्रव्ये वाहून जातात आणि त्यांत आयोडीनही जाते. जगभर डोंगराळ, अतिपावसाच्या मुलखात गलगंड आढळतो तो याच कारणाने. मातीत आयोडीन नाही, म्हणून धान्यात आणि भाजीत नाही, म्हणून शरीरात नाही. गलगंड दिसतो तरी. न दिसणारे नुकसान गर्भातील आणि लहान मुलांच्या बुद्धीचे असते. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठातून आयोडीन देऊन पाहिले आणि गलगंडाचे प्रमाण ठळकपणे घटले. त्यावरूनच १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आज आपल्या स्वयंपाकघरातील आयोडीनयुक्त मिठाच्या पुडीमागे हा इतिहास आहे. ते मीठ उघड्या बरणीत, चुलीच्या धगीजवळ ठेवू नये आणि खड्याचे मीठ स्वस्त मिळते म्हणून त्याच्या मोहात पडू नये. मुलाच्या शाळेच्या फीपेक्षा कितीतरी कमी खर्चात मिळणारी ही गोष्ट आहे.

डोंगराने केवळ उणीवच दिली असे नाही. पाचगणीची उंची, मोकळी आणि मुंबईच्या मानाने कोरडी हवा यांमुळे क्षयरोगावर औषध नव्हते त्या काळी रोगी तेथे पाठवले जात. १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी तेथे ‘बेल-एअर’ हे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू केले. मिरजेजवळ वानलेसवाडीलाही असेच आरोग्यधाम होते. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागल्यानंतर चित्र बदलले. हवेने आणि विश्रांतीने रोग्याला आधार दिला, पण रोग बरा केला तो औषधाने. आजही कोणी ‘हवापालट करा, क्षय जाईल’ असे म्हटले तर ऐकू नये आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारे औषध पूर्ण मुदत घ्यावे. त्याच पाचगणीच्या हवेने तेथे निवासी शाळाही आणल्या. अंजुमन-ए-इस्लामची शाळाही तेथे आहे. हवा चांगली म्हणून रोगी आले, हवा चांगली म्हणून विद्यार्थीही आले. एका पठाराच्या हवामानाने एका गावाचा उद्योग कसा ठरवला, याचे हे उत्तम उदाहरण होय.

याच्या उलट बाजू पूर्वेच्या दुष्काळी पट्ट्यात दिसते. माण, खटाव, खानापूर, आटपाडी या तालुक्यांतून पिढ्यान् पिढ्या माणसे बाहेर पडली. विटा-खानापूरकडची मंडळी गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यात शिरून भारतभर पसरली. कोलकात्यापासून केरळपर्यंतच्या सराफ बाजारांत आज मराठी बोलणारा गलाईवाला भेटतो, त्याच्यामागे सह्याद्रीची पर्जन्यछाया आहे. त्यांच्या कष्टाचे आणि हिमतीचे कौतुक आहेच. पण हा धंदा तेजाबाच्या धुरात चालतो आणि तो धूर फुप्फुसांना अपाय करतो. गावात पाऊस नाही, याची किंमत हजार मैलांवरच्या एका अंधाऱ्या खोलीत अशा रीतीने मोजली जाते. पश्चिमेला जावळी-पाटणच्या डोंगरात पाऊस भरपूर, पण उतारावरची माती पातळ. तेथील माणसे माथाडी म्हणून मुंबईला गेली. अति पाऊस आणि अल्प पाऊस, दोहोंनी माणूस घराबाहेर काढला. दुष्काळी भागातील माणसाला गावातच काम मिळावे, या विचारातून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना आली. तिचे प्रणेते वि. स. पागे हे तासगाव तालुक्यातील विसापूरचे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आणि जे गावात राहतात त्यांच्यात पाण्याचे ओझे कोणाच्या डोक्यावर असते? घरातल्या मुलीच्या. विहीर आटली की हंडा लांब जातो आणि हंडा लांब गेला की मुलीची शाळा बुडते. आधी पहिला तास बुडतो, मग आठवड्यातले दोन दिवस आणि मग ‘आता मोठी झाली, राहू दे घरी’ असे म्हणून नावच कमी होते. शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर मी खडकावर का बोलतो आहे, असे कोणाला वाटले असेल तर त्याचे उत्तर हे आहे. मुलगी गैरहजर का, याचे कारण कधीकधी पटावर सापडत नाही, ते भूजलाच्या पातळीत सापडते.

कमी पाण्याचे दुःख आपण जाणतो. जास्त पाण्याचे दुःख पाहायचे असेल तर कृष्णेच्या काठाने खाली वाळवा, मिरजेकडे जावे. तेथील जमीन काळी, कसदार आणि खोल. पण ही काळी माती पाणी धरून ठेवते, निचरा होऊ देत नाही. उपसा सिंचन आले, ऊस आला, पाटाने पाणी सोडण्याची सवय लागली. जमिनीखालची पाण्याची पातळी वर आली, तिच्याबरोबर क्षार वर आले आणि हजारो एकर जमीन क्षारपड झाली. पांढऱ्या मिठाचा थर आलेल्या शेतात बी रुजत नाही. ज्या घराने पाणी आले म्हणून बंगला बांधला, त्याच घरातील पुढच्या पिढीला जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालून तेच पाणी बाहेर काढण्यासाठी कर्ज काढावे लागते. मघाशी बोअरच्या बाबतीत जे सांगितले तेच येथेही लागू पडते. पाणी आणताना माती विचारात घ्यावी लागते.

घरांविषयी दोन शब्द बोलून हा भाग संपवतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि पावणेदोनशेच्या वर माणसे मेली. त्याआधी काही वर्षे भरू लागलेल्या शिवसागर जलाशयाचा या भूकंपांशी असलेला संबंध शास्त्रज्ञांना जाणवला. आजही त्या परिसरात खोल छिद्रे पाडून अभ्यास चालू असून त्यासाठीची केंद्र सरकारची प्रयोगशाळा कराडला आहे. पुढे ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला हजारो माणसे गेली. त्यांतील बहुतेक जण दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड छपरे अंगावर पडून दगावले. दगड मुबलक मिळतो म्हणून तो वापरला, पण मातीत रचलेला दगड धक्का सोसत नाही. मधूनमधून भिंत बांधून धरणारे लांब दगड आणि सिमेंट-लोखंडाचा पट्टा घातला तर तेच घर तग धरू शकते. डोंगरउताराचेही तसेच. जुलै २०२१ च्या पावसात पाटण तालुक्यातील आंबेघर, मीरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. अतिवृष्टीत उतारावरची भिजलेली माती आणि झिजलेला मुरूम खालच्या घट्ट थरावरून घसरतो. जमिनीला नव्या भेगा पडणे, झाडे आणि खांब कलणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे, ही त्याची पूर्वचिन्हे असतात. ती दिसली तर रात्र उजाडण्याची वाट पाहू नये.

विद्यार्थी मित्रांनो, या विद्येत आपल्याला परके काहीच नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी अल्-बेरुनी हिंदुस्थानात आला. पर्वताजवळच्या नद्यांत मोठे गोल धोंडे, पुढे लहान गोटे आणि समुद्राकडे वाळू, हे पाहून त्याने अनुमान काढले की उत्तरेचे मैदान म्हणजे एके काळचा समुद्र नद्यांच्या गाळाने भरून झाला असावा. त्याच्याच काळात इब्न सीनाने आपल्या ‘अल्-कानून’ या वैद्यकग्रंथात निरनिराळ्या ठिकाणच्या पाण्याचे गुणदोष आणि पाणी उकळण्याचे फायदे मांडले. आपल्या महाराष्ट्रात मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी आजच्या छत्रपती संभाजीनगर शहरासाठी डोंगराच्या पायथ्याचे झिरपणारे पाणी जमिनीखालच्या नहरीने आणले. या माणसांकडे मोठी यंत्रे नव्हती. पण पायाखाली काय आहे हे पाहण्याची दृष्टी होती. आणि आपल्याच वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला. त्यातील खडक, भूजल, गलगंड या नोंदी मराठीतच आहेत. त्या वाचायला कोणती अडचण आहे?

आता मी काही सूचना करतो. त्या खर्चिक नाहीत.

पहिली सूचना शाळेला. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गल्लीतील विहिरी आणि बोअर यांची एक वही करावी. खोली किती, पाणी उन्हाळ्यात कोठे जाते, जवळ शोषखड्डा किंवा गोठा आहे काय, कोणती घरे ते पाणी पितात, एवढी माहिती पुरे. पावसाळ्यात एच-टू-एस चाचणीची बाटली वापरून पाण्यात घाण मिसळली आहे काय, हे मुलेही पाहू शकतात. पाणी काळे झाले तर ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला कळवून टीसीएल पावडर टाकून घ्यावी.

दुसरी सूचना पालकांना. ज्या बोअरचे किंवा विहिरीचे पाणी घरात रोज प्यायले जाते त्याची रासायनिक तपासणी एकदा तरी करून घ्यावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांतून ही तपासणी होते. लग्नाच्या एका जेवणावळीत जे वाया जाते त्याच्या तुलनेत तिचा खर्च काहीच नाही. अहवाल आला की तो कपाटात न ठेवता शेजाऱ्यांना दाखवावा, कारण भेग आपल्या कुंपणापाशी थांबत नाही. पाणी सर्वांचे एकच असते. मोहल्ला कोणताही असो, आळी कोणतीही असो.

तिसरी सूचना आपणा सर्वांना. घरात मुलाच्या दातांवर डाग, बाळाच्या ओठांवर निळसर छटा, गळ्याला सूज किंवा एकाच गल्लीत पाठोपाठ कावीळ दिसली, तर ‘आमच्याकडचे पाणीच तसे आहे’ असे म्हणून गप्प बसू नये. डॉक्टरांकडे जावे आणि त्याच दिवशी पाण्याचा नमुनाही काढावा.

खडक बदलण्याचे सामर्थ्य आपल्यात नाही. तो आपल्यापूर्वी साडेसहा कोटी वर्षे येथे आहे आणि आपल्यानंतरही राहील. पण नारूच्या वेळी ज्या बायामाणसांनी घागरीच्या तोंडाला फडके बांधले, त्यांनीही खडक बदललेला नव्हता. त्यांनी कोणीतरी समजावून सांगितलेली गोष्ट नीट ऐकली, रोज न चुकता केली आणि शेजारणीलाही करायला लावली. त्यांपैकी बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. आपल्या मुलामुलींना तर ते येते. तेव्हा त्यांच्याकडून आणि आपल्याकडून यापेक्षा कमी काम होऊ नये, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो.